ॲनिमेचे संगीत: आधी चाल की आधी चित्र?

मंद्रसप्तक (धागालेखक)

चाल आधी की शब्द आधी, हा आपल्याकडचा जुना वाद आहे. चालीवर शब्द लिहिले म्हणून गाणे कमअस्सल ठरत नाही, हे आता बहुतेकांना मान्य असले तरी मैफल रंगवायला हा विषय अजून पुरतो. जपानी ॲनिमे (तिकडचे ॲनिमेशनपट आणि मालिका) पाहता पाहता मला हाच वाद निराळ्या रूपात भेटला, म्हणून हा धागा काढतो आहे. तिथे प्रश्न असा पडतो की संगीत आधी की चित्र आधी? पार्श्वसंगीत म्हणजे चित्रपट कापून-जोडून तयार झाल्यावर सेकंदांच्या हिशेबाने त्याच्या मापाचा शिवलेला कपडा, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. माझ्या मनात घर करून राहिलेले जे ॲनिमे-संगीत आहे, त्यातले बरेचसे या समजुतीच्या बाहेर तयार झालेले आहे.

संगीतकार जो हिसाइशी यांच्यापासून सुरुवात करू. १९८४ साली दिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांचा 'नौसिका' आला, परंतु हिसाइशींकडे प्रथम काम आले ते चित्रपटाचे नव्हे, 'इमेज अल्बम'चे. चित्रपट अजून कागदावर असताना त्यातील स्थळे, पात्रे, वारा, जंगल यांविषयी दिग्दर्शकाने जे सांगितले असेल त्यावरून संगीतकाराने स्वतंत्र रचना करायच्या आणि त्या चित्रपटाआधीच ध्वनिमुद्रिका म्हणून बाजारात यायच्या, अशी ही पद्धत आहे. त्या वेळी हिसाइशींचे नाव फारसे कोणाला ठाऊक नव्हते आणि चित्रपटाचे संगीत दुसऱ्याच कोणाकडे जाण्याची चिन्हे होती. पण तो अल्बम ऐकल्यावर निर्माते इसाओ ताकाहाता यांनी त्यांच्याच नावाचा आग्रह धरला. (त्या चित्रपटात 'रान रान' असे गुणगुणणारा जो लहान मुलीचा आवाज आहे, तो हिसाइशींच्या चार वर्षांच्या मुलीचा आहे.) पुढे 'तोतोरो', 'प्रिन्सेस मोनोनोके', 'स्पिरिटेड अवे' या चित्रपटांच्या वेळीही आधी इमेज अल्बम आणि मग चित्रपटाचे संगीत हाच क्रम राहिला. म्हणजे चित्रकार काम करीत असताना त्या जगाचा नाद त्यांच्या कानांवर आधीच पडलेला असे.

दूरचित्रवाणीच्या मालिकांची रीत आणखी वेगळी आहे. तिथे संगीतकाराच्या हाती चित्रफीत येत नाही, यादी येते. 'तणाव', 'शाळेतली सकाळ', 'शत्रूचे आगमन', 'दुःख, पण ओसरणारे' अशा भावांच्या यादीनुसार तो तुकडे रचून देतो, आणि कोणता तुकडा कोणत्या प्रसंगावर ठेवायचा हे ध्वनिदिग्दर्शक ठरवतो. हे ऐकायला कारखान्यासारखे वाटते, आणि पुष्कळदा असतेही. पण १९९८ च्या 'काउबॉय बीबॉप'मध्ये याच रीतीचे सोने झाले. संगीतकार योको कान्नो मागितलेले तुकडे तर देतच, शिवाय न मागितलेलेही देत. आणि ते ऐकून दिग्दर्शक शिनइचिरो वातानाबे यांना नवे प्रसंग सुचत, असे त्यांनी स्वतःच सांगितले आहे.

पाचवा भाग आठवून पाहा. पडक्या चर्चमध्ये बंदुका धडाडत आहेत, मारामारी ऐन भरात आहे, आणि नायक स्पाइक रंगीत काचांच्या खिडकीतून बाहेर फेकला जातो. कोणताही सरळमार्गी संगीतकार इथे ढोल वाढवील. इथे सगळा गोंगाट थांबतो, पियानो सुरू होतो आणि कोवळ्या आवाजांचे समूहगान येते. स्पाइक संथपणे खाली पडतो आहे, त्याचा भूतकाळ तुकड्यातुकड्यांनी दिसतो आहे, आणि ते गाणे त्याच्या मृत्यूची किंवा बचावाची काडीइतकीही फिकीर करीत नाही. चित्राच्या पोटातून हे संगीत निघाले असते असे मला वाटत नाही. ते बाहेरून आले म्हणूनच तो प्रसंग इतका खोल गेला.

तुमच्या आठवणीतले संगीत कोणते, आणि ते तिथे काय करते, हे वाचायला आवडेल. केवळ नावांच्या याद्या नकोत, ही विनंती.

कोरीपाटी

धागा उत्तम आहे, परंतु संगीत कुठे नाही, हा मुद्दा तुमच्याकडून राहिला. 'लाप्युता' (१९८६) या चित्रपटाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. दोन तासांहून थोड्या अधिक लांबीच्या त्या चित्रपटात मूळ संगीत साधारण तासाभराचे होते. पुढे अमेरिकेतल्या इंग्रजी आवृत्तीसाठी हिसाइशींनीच ते नव्याने बांधले आणि सुमारे दीड तासापर्यंत नेले, कारण तिकडच्या प्रेक्षकाला इतका वेळ संगीतावाचून बसवत नाही असा वितरकांचा समज होता. चित्रपट तोच, संगीतकारही तोच, आणि तरीही दोन्ही आवृत्त्या लागोपाठ पाहिल्या तर पहिल्या आवृत्तीतले आकाश मोठे वाटते. जिथे नुसता वारा आणि यंत्राची घरघर होती तिथे व्हायोलिने आली की आपण कोठे पाहायचे हे कोणीतरी बोट धरून सांगू लागते.

याच कारणासाठी 'स्पिरिटेड अवे'मधला (२००१) आगगाडीचा प्रसंग मला हिसाइशींच्या सगळ्या कामात वरचा वाटतो. चिहिरो, तो मुखवट्याचा भुताटकी जीव, आणि उंदीर-पाखरू झालेले दोघे, असे सगळे पाण्यावरून चालणाऱ्या गाडीत बसतात. डब्यातले इतर प्रवासी नुसत्या सावल्या आहेत. फारसे कोणी बोलत नाही. पियानो अगदी मोजके स्वर टाकतो, थांबतो, आणि त्या थांबण्यात रुळांचा आवाज ऐकू येतो. एका फलाटावर एक लहान सावली उभी दिसते, गाडी पुढे निघते, आणि तिच्याविषयी संगीत एक अक्षरही जास्त बोलत नाही. आपल्याकडे गायक समेवर आल्यानंतर जो क्षणभर थांबतो, त्या थांबण्याला जितकी किंमत असते तितकीच इथे आहे.

चहाबाज

मंद्रसप्तक, लेख आवडला, पण मूळ सिद्धांत मला मान्य नाही. तुम्ही कृतीला गुणाचे कारण मानता आहात. यादीवरून संगीत रचण्याची रीत शेकडो मालिकांत वापरली जाते, आणि त्यांतल्या बहुतेकांचे संगीत दुसऱ्या दिवशी आठवतही नाही. स्वयंपाक चुलीवर केला म्हणून आमटी चांगली झाली, असे म्हणण्यासारखे ते आहे. आमटी करणाऱ्याच्या हाताचे काय?

शिवाय अजिबात नवे न रचलेले संगीतही ॲनिमेत अविस्मरणीय ठरले आहे. 'इव्हँजेलियन'च्या (१९९५) मालिकेत शिरो सागिसु यांचे स्वतःचे काम भक्कम आहे, पण चोविसाव्या भागात त्यांचे नव्हे, बेथोव्हनच्या नवव्या सिंफनीतले समूहगान वाजते. नायक शिंजी आपल्या मित्राला यंत्राच्या मुठीत धरून आहे. त्याला मारायचे की नाही हे ठरवायचे आहे. चित्र गोठते. सुमारे मिनिटभर पडद्यावर काहीच हलत नाही आणि आनंदाचे ते प्रचंड गाणे चालूच राहते. पैसे आणि वेळ वाचवण्यासाठी चित्र थांबवले असेल असे कोणी म्हणतात, असेलही. पण त्या मिनिटात आपली नजर पडद्यावर खिळून राहते ती केवळ कानांमुळे. दोनशे वर्षांच्या आसपास जुने असलेले संगीत इथे 'चित्राआधी' होते म्हणायचे असेल तर मग सिद्धांताला काही अर्थच उरत नाही.

आणि शीर्षकगीताला तुम्ही हात लावला नाही याचे आश्चर्य वाटले. ॲनिमेच्या शीर्षकगीताला साधारण दीड मिनिट मिळते. तेवढ्यात ओळख, चढण आणि शेवट असा पूर्ण घाट बसवायचा असतो, आणि तोही दर आठवड्याला ऐकून कंटाळा येणार नाही असा. 'बीबॉप'च्या सुरुवातीचे 'टँक!' हे याचे नमुनेदार उदाहरण आहे. त्यात पितळी वाद्ये, बाँगो आणि धावता बेस असा बिग बँडचा थाट आहे, पण पडद्यावरच्या रंगीत पट्ट्यांमागे जो मजकूर सरकतो तो किती जणांनी वाचला आहे? १९४१ साली न्यू यॉर्कच्या हार्लेममधल्या मिंटन्स प्लेहाउस या क्लबात वादक रात्रीमागून रात्री एकमेकांशी चढाओढीने जॅझच्या बैठकी, म्हणजे 'सेशन', करीत आणि त्यातून नवे संगीत जन्मले, असे तिथे लिहिलेले आहे. मालिकेच्या भागांना 'सेशन' का म्हणतात, याचे उत्तर त्या दीड मिनिटातच दिलेले आहे.

मंद्रसप्तक

चहाबाज, आमटीचा मुद्दा मान्य आहे. हात लागतोच. मी एवढेच म्हणेन की चित्राच्या मापाची सक्ती नसली तर चांगल्या हाताला मोकळीक मिळते आणि वाईट हात उघडा पडतो. बेथोव्हनचे उदाहरण मात्र मी माझ्या बाजूने वळवून घेणार होतो, तेवढ्यात तुम्ही वाट अडवलीत. मिंटन्सचा मजकूर मी इतक्या वर्षांत एकदाही पूर्ण वाचलेला नाही, हे प्रांजळपणे कबूल करतो.

पखवाजवेडा

'अकिरा'चे (१९८८) नाव अजून कोणी घेतले नाही, म्हणून लिहितो. दिग्दर्शक कात्सुहिरो ओतोमो यांनी या चित्रपटाचे संगीत नेहमीच्या चित्रपट-संगीतकाराकडे न देता गेइनो यामाशिरोगुमी या मंडळीकडे सोपवले. हा कित्येक जणांचा मेळा असून त्यांत पोटापाण्यासाठी वेगळेच व्यवसाय करणारे लोक असत. त्यांचे प्रमुख शोजी यामाशिरो हे स्वतः शास्त्रज्ञ असून माणसाच्या कानाला ऐकू न येणाऱ्या उच्च कंप्रतेच्या ध्वनीचा मेंदूवर काय परिणाम होतो यावर त्यांनी त्सुतोमु ओहाशी या आपल्या मूळ नावाने संशोधन केले आहे.

भविष्यातले टोकियो आणि त्यातल्या मोटारसायकलींच्या टोळ्या म्हटल्यावर सिंथेसायझर आणि गिटार अपेक्षित होते. ऐकू येते ते बालीमधले जेगोग, म्हणजे मोठ्या बांबूंच्या नळकांड्यांचे वाद्यवृंद, बौद्ध मठांतल्यासारखे पठण, नो नाट्यातले खर्जातले आवाज, आणि 'रास्सेरा, रास्सेरा' असा घोष. हा घोष आओमोरी शहरातल्या नेबुता उत्सवात मिरवणुकीत नाचणारे लोक करतात. आपल्याकडच्या विसर्जनाच्या मिरवणुकीतली आरोळी जर कोणी अंतराळयुगाच्या चित्रपटात आणली तर जसे वाटेल, तसे ते जपानी प्रेक्षकाला वाटले असावे. जेगोगचे स्वर पेटीच्या पट्ट्यांवर बसत नाहीत. ते थोडे इकडे, थोडे तिकडे पडतात, आणि त्यामुळे सुरुवातीच्या शर्यतीत एक बेचैनी सतत राहते. मी ते पेटीवर काढायचा प्रयत्न केला तेव्हा लय जमली, पण तो रंग काही केल्या उतरला नाही.

दुसरे नाव संगीतकार केन्जी कावाई यांचे. मामोरू ओशिई यांच्या 'घोस्ट इन द शेल'च्या (१९९५) सुरुवातीला यंत्रमानवाचे शरीर घडताना दिसते, आणि त्यावर ताइको नावाच्या मोठ्या ढोलाच्या संथ ठोक्यांसह बायकांचे आवाज येतात. कावाईंच्या डोक्यात आधी बल्गेरियातल्या स्त्रियांचे लोकगायन होते, ज्यात शेजारशेजारचे स्वर एकाच वेळी लावून त्यांची टक्कर होऊ देतात. अखेर त्यांनी जपानी लोकगीते गाणाऱ्या स्त्रियांकडून त्या बल्गेरियन स्वरमेळात गाऊन घेतले. शब्द प्राचीन जपानी भाषेतले, लग्नातल्या गाण्याच्या धर्तीचे आहेत. यंत्राच्या जन्माला लग्नगीत का, याचे उत्तर चित्रपटाच्या शेवटी मिळते, म्हणून इथे सांगत नाही. मध्यंतरी पुन्हा तेच गाणे येते तेव्हा सुमारे तीन मिनिटे संवाद नसतो. हाँगकाँगसारखे शहर, पाऊस, कालव्यातून जाणारी नाव, दुकानातले पुतळे, आणि काचेआड बसलेली नायिकेच्याच चेहऱ्याची एक स्त्री. कथा थांबलेली असते, आणि तरी चित्रपटाचा सगळा प्रश्न त्याच तीन मिनिटांत विचारला जातो.

जाता जाता, जपानी संगीत आपल्या कानांना जवळचे का वाटते याचे एक कारण सांगतो. जपानी शालेय गीतांत आणि लोकप्रिय गाण्यांत रुळलेली 'योनानुकी' नावाची स्वरावली चौथा आणि सातवा स्वर गाळून होते. उरतात सा रे ग प ध, म्हणजे आपला भूप राग. कोतो आणि शामिसेन या वाद्यांवर ऐकू येणारी 'मियाकोबुशी' तपासली तर सा, कोमल रे, म, प, कोमल ध असे गुणक्रीचे स्वर निघतात. आणि 'रित्सू' म्हणजे सा रे म प ध, दुर्गा.

निशिगंध_७

पखवाजवेडा यांचा प्रतिसाद संग्रही ठेवण्यासारखा आहे, पण शेवटच्या परिच्छेदाला थोडी वेसण घालते. स्वर तेच म्हणून राग तोच, असे होत नाही. भूप आणि देसकार यांचे स्वर एकच आहेत, तरी देसकार गाताना गंधारावर जास्त रेंगाळले तर गुरुजी डोळे वटारतात. जपानी चालीत वादी-संवादी नाहीत, पकड नाही, आणि खालून स्वरमेळांचा आधार चाललेला असतो. 'हा भूप आहे' असे म्हटले की आपण ऐकणे थांबवतो आणि ओळख पटल्याच्या आनंदात राहतो. इंटरनेटवर असे 'राग ओळखा' फार झाले आहेत.

मला बोलायचे आहे ते शब्दांविषयी. चर्चमधल्या ज्या गाण्याचे धागालेखकांनी वर्णन केले, त्यासारख्या कान्नो यांच्या अनेक गाण्यांवर गाब्रिएला रोबिन हे नाव असते. ही गायिका कोण, यावर चाहत्यांत वर्षानुवर्षे तर्क चालले होते. त्या स्वतः कान्नोच आहेत. या नावाने येणाऱ्या गाण्यांचे शब्द पुष्कळदा कोणत्याच भाषेतले नसतात. संगीतकार युकी काजिउरा यांच्या रचनांतही असेच असते, आणि चाहत्यांनी त्या बोलीला 'काजिउरागो', म्हणजे काजिउरा-भाषा, असे नावच देऊन टाकले आहे. पडद्यावर संवाद चालू असताना अर्थाचे शब्द आले की लक्ष दुभंगते. निरर्थक शब्द आले की मानवी आवाजाची ऊब मिळते आणि अर्थाची अडचण होत नाही. तराण्यात 'तोम तनन देरेना' चालते ते आपल्याला कधी खटकले आहे का? अर्थ नसल्यामुळे गाणाऱ्याला लय आणि स्वर यांच्याशी मोकळेपणाने खेळता येते, तसेच इथे आहे. परवा मुलीने विचारले की ही कोणती भाषा, तेव्हा मी तिला तराणा ऐकवला, आणि तिचे समाधान झाले.

दूरदर्शनची_पिढी

थोडे अवांतर होईल, पण आमच्या वयाच्या लोकांचा ॲनिमेशी पहिला संबंध कानांमार्फतच आला. रविवारी सकाळी दूरदर्शनवर जी 'जंगल बुक' लागत असे, ती १९८९ ची जपानी मालिका होती, हे मला चाळिशीत कळले. 'जंगल जंगल बात चली है' हे शीर्षकगीत मात्र इथले, गुलजार यांनी लिहिलेले आणि विशाल भारद्वाज यांनी संगीत दिलेले. म्हणजे चित्र आधी आणि चाल नंतर, तीही दुसऱ्या देशात. आणि आज मोगली म्हटले की आपल्याला तीच आठवते. मंद्रसप्तक यांच्या सिद्धांताला हा एक घरचा आहेर समजावा.

दुसरे उदाहरण १९९२ च्या 'रामायण: द लेजंड ऑफ प्रिन्स राम'चे. युगो साको यांच्या पुढाकाराने जपान आणि भारत यांनी मिळून केलेला हा ॲनिमे, आणि संगीत आपल्या मुंबईच्या वनराज भाटिया यांचे. लंडन आणि पॅरिस येथे पाश्चात्त्य संगीताचे रीतसर शिक्षण घेतलेल्या आणि 'मंथन', 'भूमिका' यांसारखे चित्रपट केलेल्या या संगीतकाराला जपानी चित्रकारांच्या लंकेसाठी वाद्यवृंद लिहायला मिळाला, हा योगच म्हणायचा. जानेवारी २०२५ मध्ये तो पुन्हा चित्रपटगृहांत लागला तेव्हा मी ठाण्यात जाऊन पाहिला. मोठ्या पडद्यावर भाटियांचे काम ऐकताना लक्षात आले की दूरचित्रवाणीच्या छोट्या स्पीकरमुळे खालचे अर्धे वाद्यवृंद आम्ही लहानपणी ऐकलेच नव्हते.

चहाबाज

मग 'युअर नेम'ही (२०१६) घ्या. दिग्दर्शक माकोतो शिनकाई यांनी रॅडविंप्स या रॉक बँडबरोबर सुमारे दीड वर्ष काम केले आणि गाण्यांच्या लांबीनुसार प्रसंग बदलले. धागालेखकांच्या कसोटीवर हा आदर्श चित्रपट ठरावा. मला मात्र त्यातली चारही गाणी चित्रावर कुरघोडी करतात असे वाटते. गाणे सुरू झाले की कथेचे काम गाणेच उरकून टाकते. धूमकेतूचा प्रसंग त्याला अपवाद आहे. तिथे अर्धा वेळ नुसता पियानो आहे आणि तोच भाग मला आठवतो. बहुमत माझ्या विरुद्ध आहे याची कल्पना आहे. २०१९ मध्ये त्याच जोडीचा 'वेदरिंग विथ यू' भारतात लागावा म्हणून चाहत्यांनी सह्यांची मोहीम काढली आणि तो खरोखरच लागला, त्या सह्यांत माझीही एक होती.

मंद्रसप्तक

'जंगल बुक'पुढे मी हात टेकले. इतक्या प्रतिसादांनंतर मूळ दावा थोडा आवरता घेतो: चित्राआधी रचलेले संगीत नेहमी श्रेष्ठ असते असे नाही, पण चित्राला 'नाही' म्हणण्याची ताकद त्याच्या अंगी सहजपणे येते, आणि मला भावते ती हीच ताकद. वर आलेली मिनिटभर गोठलेली मूठ आणि अकिराचे बांबू यांत मला तीच दिसते. निशिगंध, भूप-देसकारचा मुद्दा शिरोधार्य आहे.

एक तक्रार मात्र मांडायची राहिली. 'बीबॉप'चे पंचवीस भाग पाहिल्यावर मी सव्विसावा एका ओटीटी ॲपवर लावला. एरवी बहुतेक भागांच्या अखेरीस येणारे गीत या भागात बदललेले आहे; माइ यामाने यांच्याच आवाजातले 'ब्लू' येते, कॅमेरा आकाशाकडे चढत जातो, आणि अगदी शेवटी एक ओळ उमटते. ते गीत सुरू होऊन दहा सेकंद झाले असतील, तोच पडदा आक्रसून कोपऱ्यात गेला आणि मधोमध कोणत्या तरी पाककृतीच्या कार्यक्रमाची जाहिरात सुरू झाली. मी रिमोट शोधेपर्यंत कांदा परतून झाला होता.

कोरीपाटी

फोनवरच्या ॲपमध्ये 'पुढचे आपोआप सुरू करा' हा पर्याय बंद करता येतो. टीव्हीवर मला तो अजून सापडलेला नाही. कोणाला सापडला तर इथेच लिहावे. तोवर आमच्याकडे शेवटचा भाग लावताना रिमोट धरण्याचे काम धाकट्याकडे दिलेले आहे, आणि तो ते डोळ्यांत तेल घालून करतो.